डॅशबोर्डचा पापड

मे महिन्यातली दुपार. ऑफिसच्या बाहेर गाडी चार तास उन्हात. दार उघडून आत बसलात, स्टिअरिंगला हात लागला आणि तोंडातून जो शब्द निघाला तो इथे छापता येणार नाही. मग काचा खाली, एसी फुल, पाच मिनिटांत मामला थंड आणि गाणी लावून आपण रवाना. पण या चार तासांत गाडीतलं सगळ्यात जास्त भाजलं कोण, असा विचार कधी केलाय? स्टिअरिंग नव्हे बॉस, डॅशबोर्ड! अमेरिकेत अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी कडक उन्हाळ्यात गाड्या उभ्या करून तापमानं मोजली होती. तासभर उन्हात राहिलेल्या गाडीतली हवा सरासरी ४७ अंश सेल्सिअस, स्टिअरिंग ५३ आणि डॅशबोर्ड ६९. फक्त एका तासात!

नवी गाडी हे निमूट सोसते. पंचवीस-तीस वर्षांची गाडी मात्र बोलून दाखवते.

माझ्या एका मित्राकडे कॉन्टेसा आहे. त्याच्या बाबांची, १९९४ ची, १.८ जीएलएक्स. (ज्यांचा जन्मच कॉन्टेसा बंद झाल्यावरचा, त्यांच्यासाठी: हिंदुस्तान मोटर्सची ऐसपैस सेदान, ब्रिटनच्या व्हॉक्सॉल व्हीएक्सवर बेतलेली, १९८४ मध्ये आली, २००२ मध्ये गेली. पुढारी, बिल्डर आणि हिंदी सिनेमातले व्हिलन, तिघांचीही लाडकी.) बाबा तीन वर्षांपूर्वी गेले. गाडी सोसायटीच्या ओपन पार्किंगमध्ये, तोंड पश्चिमेला. म्हणजे रोज दुपारी बारापासून सूर्य मावळेपर्यंत ऊन थेट विंडस्क्रीनमधून डॅशवर. इंजिन पहिल्या सेल्फला सुरू होतं, पत्रा ठणठणीत. पण डॅशचा वरचा गुबगुबीत भाग, ज्याला डॅश पॅड म्हणतात, त्याची पार वाट लागलेली. काचेकडची कड दोन बोटं वर उचललेली, मध्ये कमान, डीफ्रॉस्टरच्या झडपेपासून निघालेली एक भेग, आणि मूळचा काळा रंग करडा पडलेला. तळणीत टाकल्यावर पापड कसा वळतो, डिट्टो तसा.

विकायचं ठरलं होतं. एक गिऱ्हाईकही आलं. इंजिन ऐकलं, खूश झालं. मग डॅशवर बोटानं टकटक करून म्हणालं, "अंदर से तो गयी है." काकू चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्या तशाच आत गेल्या आणि गिऱ्हाईक जाईपर्यंत बाहेर आल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनी मुलाला सांगितलं, "गाडी विकायची तर वीक. पण असं बोलून घेऊन नाही." झालं! विक्री बारगळली आणि मित्र डॅशबोर्ड दुरुस्तीच्या मागे लागला. मला स्टोरी मिळतेय म्हटल्यावर मीही.

आधी थोडी केमिस्ट्री, कारण ती कळली नाही तर कुणीही तुम्हाला टोपी घालतो. डॅश पॅड म्हणजे तीन थरांचं सँडविच. खाली पत्र्याचा किंवा कडक प्लॅस्टिकचा सांगाडा, मध्ये पॉलियुरेथेनचा फोम आणि वर व्हिनाइलची कातडी. आता गंमत बघा. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी, आणि आपल्या बाथरूममागून खाली जाणारा पाइप हासुद्धा पीव्हीसीच! मग एक दगडासारखा टणक आणि दुसरा मऊ कसा? तर कातडीत प्लॅस्टिसायझर नावाचं तेलकट रसायन मिसळलेलं असतं, तेच तिला मऊ ठेवतं. उन्हानं ते हळूहळू बाहेर पडतं. काही हवेत उडतं, काही विंडस्क्रीनच्या आतल्या बाजूला जाऊन बसतं. रात्री समोरच्या गाडीचे लाइट्स पडल्यावर काचेवर तो चिकट, धुरकट थर दिसतो ना? त्यात तुमचा डॅशबोर्डही आहे. वर्षानुवर्षं हे चाललं की कातडी आकसते आणि परत पाइपाच्या जातीवर जाते. खालचा सांगाडा मात्र आकसत नाही. वरचा थर ओढतोय, खालचा जागचा हलत नाही, मग कड उचलणार नाही तर काय होणार? जिथे आधीच भोक किंवा कोपरा आहे, म्हणजे स्पीकरची जाळी, एसीची झडप, तिथे भेग पडते. त्यात मधला फोम म्हातारा झाला, दमट हवेत राहिला की त्याची पिवळी भुकटी होते. मग कातडीला खालून धरायलाच कुणी उरत नाही.

या सगळ्याचा पुरावा मित्राच्या डॅशवरच बसलेला होता. गणपती! गाडी घरी आली त्या दिवशी बाबांनी पितळेचा छोटा गणपती मधोमध चिकटवला होता. तो काढायचा कसा यावर घरात दोन दिवस चर्चा. शेवटी काकूंनी स्वतः नमस्कार केला, शिवणकामाचा पक्का दोरा बैठकीखालून करवतीसारखा ओढला आणि मूर्ती अलगद सुटली. खाली दिसला रुपयाच्या नाण्याएवढा काळाभोर ठिपका. बोटानं दाबला तर आत जाणारा, मऊ. भोवती सगळीकडे करडं, कडक. गणपतीनं तेवढ्या जागेला ऊन लागू दिलं नव्हतं आणि प्लॅस्टिसायझरला वाटही दिली नव्हती. पूर्ण डॅश १९९४ मध्ये कसा होता, त्याचं तेवढंच सॅम्पल शिल्लक होतं.

पहिला प्रश्न, नवा पॅड मिळतो का? मर्सिडीज किंवा फोर्ड मस्टँगसारखी गाडी असेल तर परदेशात नवे पॅड किंवा वरून बसवायची टोपी मिळते. काही वर्कशॉप्स जुन्या सांगाड्यावर नवा फोम ओतून व्हॅक्युमनं नवी कातडीसुद्धा बसवून देतात. कॉन्टेसाचं तसं नाही. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे पार्ट्स मिळतात, तिथे चक्कर टाका असं सगळे सांगतात. जरूर टाका. पण हेडलाइट किंवा डोअर हँडल शोधणं वेगळं आणि डॅश पॅड शोधणं वेगळं. तिथे मिळणारा पॅडही त्याच काळातला आणि त्याच उन्हात वाळलेला. आपला पापड देऊन दुसऱ्याचा पापड आणण्यात काय पॉइंट?

दुसरा पर्याय बहुतेक ठिकाणी लगेच सुचवला जातो: "फायबरचं कव्हर मारून देतो, एका दिवसात, एकदम चकाचक." म्हणजे जुन्या पॅडवर फायबर ग्लासचं कवच घालायचं, पुट्टी मारायची, वर रंग. फोटोत खरंच झकास दिसतं. मित्र जवळजवळ हो म्हणणार होता. माझा याला सक्त विरोध आहे आणि त्याचं कारण पॅड आला कुठून, यात आहे.

१९३० च्या दशकात डेट्रॉइटमध्ये क्लेअर स्ट्रेथ नावाचे प्लॅस्टिक सर्जन होते. अपघातात डॅशवर आपटून फुटलेले चेहरे शिवणं हे त्यांचं रोजचं काम. डॅश तेव्हा पत्र्याचा, त्यावर टोकदार नॉब्ज. स्ट्रेथ इतके वैतागले की त्यांनी स्वतःच्या गाडीत डॅशला गादी लावून घेतली आणि कार कंपन्यांच्या मागे लकडा लावला. फोर्डनं १९५६ च्या मॉडेल्सना जादा पैसे भरून घेता येईल असा गादीचा डॅश दिला. पुढे १९६६ मध्ये अमेरिकेत वाहन सुरक्षेचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६८ पासून प्रवाशाचं डोकं जिथे आपटू शकतं अशा आतल्या भागांसाठी नियम लागू झाले. तर ती गादी शोभेची नाही. जुन्या गाडीत एअरबॅग नसते. ब्रेक लागल्यावर समोर जे येतं ते हेच. त्यावर फायबरचं टणक कवच घालणं म्हणजे हेल्मेटमधला थर्माकोल काढून बाहेरून नवा स्टिकर लावणं. मित्राला एवढंच विचारलं, "पुढच्या सीटवर कोण बसणार?" काकूच बसणार होत्या. फायबर कॅन्सल.

(उलट केसही सांगून ठेवते. तुमची 'जुनी' गाडी बाजूच्या सीटपुढे एअरबॅग असलेली असेल, तर त्या पॅडला घरी हातच लावू नका. वरून चिकटवलेलं कव्हर एअरबॅगच्या वाटेत येऊ शकतं.)

मग शोधला नाना पेठेच्या एका बोळातला कुशनवाला. दहा बाय दहाचं दुकान, बाहेर रिक्षाच्या सीट्सचा ढीग, आत एक शिलाई मशीन आणि सत्तरीतले काका. त्यांनी पॅड आधी बघितलाच नाही. विचारलं, "पॉलिश कुठलं मारता?" मित्रानं अभिमानानं नाव सांगितलं. काकांनी कपाळाला हात लावला. ते चकचकीत करणारं सिलिकॉनचं पॉलिश गेलेलं प्लॅस्टिसायझर काही परत आणत नाही. शिवाय ते असं मुरतं की नंतर त्या कातडीवर धड सोल्युशन धरत नाही की रंग. आधी सगळं स्पिरिटनं पुसून काढावं लागतं, तेही दोन-दोनदा.

पॅड सोडवून आणायचं काम आमचं. एक अख्खा रविवार. बॅटरीची वायर आधी काढली, कारण मीटरच्या मागे वायरींचं जंगल असतं. प्रत्येक टप्प्यावर मोबाईलवर फोटो, प्रत्येक वायरीला मास्किंग टेपचं लेबल, स्क्रू काजूकतलीच्या रिकाम्या डब्यात कप्पे करून. स्क्रू कुठे लपलेत ते प्रत्येक गाडीत वेगळं. ग्लोव्ह बॉक्सच्या आत, मीटरच्या वर, झडपांच्या खाली. नियम एकच: पॅड निघत नसेल तर कुठेतरी एक स्क्रू राहिलाय. ओढू नका, आणि काचेला टेकवून स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटू तर अजिबात नका. डॅशपेक्षा विंडस्क्रीन महाग पडते.

आता मेन फंडा. वाकलेला पॅड सरळ होतो का? होतो, पण कातडीत जीव असेल तर. व्हिनाइल तापलं की नरम पडतं आणि नरम असताना जसं धराल त्या आकारात थंड होतं. काकांची पद्धत अशी: हीट गन कमीत कमी सेटिंगवर, एक वीत लांब, आणि हात सतत फिरता. इस्त्री करताना एका जागी थांबत नाही, तसा. कातडीवर हात टेकवता येईल-न येईल इतकीच गरम. तिच्यावरची बारीक नक्षी चमकायला लागली की समजा जास्त झालं, ती परत येत नाही. काम उघड्यावर करायचं, कारण पीव्हीसी करपलं तर त्यातून आम्लाचा धूर निघतो. नरम झालं की फडकं गुंडाळलेल्या लाकडी पट्ट्या वर-खाली लावायच्या, सी-क्लॅम्प आवळायचे, मधल्या कमानीवर वाळूच्या पिशव्या. पाहिजे त्यापेक्षा किंचित जास्त दाबायचं, कारण सोडल्यावर ती थोडी परत येतेच. मग घरी जायचं. खरंच, घरी जायचं! रात्रभर हात लावायचा नाही. "लोकं गरम करतात बरोबर," काका म्हणाले, "पण गार व्हायला थांबत नाहीत." डेडलाइनवर जगणाऱ्या आपल्यासारख्यांना हा भाग सगळ्यात जड जातो.

मित्राच्या पॅडची मागची कड काकांनी आधी एका कोपऱ्यात करून बघितली. सकाळी क्लॅम्प काढला. कोपरा दुपारपर्यंत हळूहळू परत वर! काकांनी नखानं टकटक केलं. "ही आता कातडी नाही राहिली. नळी झाली." त्यांना पीव्हीसीची केमिस्ट्री कुणी शिकवली नव्हती, तरी शब्द तोच.

मग ऑपरेशन मोठं झालं. जुनी कातडी भेगेपासून सोलून काढली. काचेकडचा फोम हातात भुकटी झाला, बाकीचा ठीक होता. सांगाड्याच्या पत्र्यावर एका कडेला गंज. तो घासून प्रायमर मारला. गेलेल्या फोमच्या जागी त्याच जाडीचा आणि जवळपास त्याच घनतेचा नवा फोम, पॉलिश पेपरनं घासून जुन्याच्या लेव्हलला आणलेला. काका डोळे मिटून तळवा फिरवत होते. डोळ्यांना न दिसणारा उंचवटा हाताला कळतो, आणि कातडी चढल्यावर तोच उंचवटा सगळ्यांना दिसतो. सोल्युशनही साधं चालत नाही. स्वस्तातलं रबर सोल्युशन उन्हात नरम पडतं आणि पहिल्याच उन्हाळ्यात कड परत उचलते. उष्णता सोसणारंच घ्यायचं, दोन्ही बाजूंना लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत सुकू द्यायचं आणि मग एकदाच, नेमकं दाबायचं. दुसरा चान्स नाही.

खरी खडाजंगी झाली ती शिवणीवरून. ओरिजिनल पॅडला एकही शिवण नव्हती, कारण कारखान्यात कातडी साच्यात आकार घेऊन येते. सपाट रेक्झिन मीटरच्या गोल टपावरून वळवताना मात्र कुठेतरी चुणी पडणारच. चारी बाजूंनी ताणलं जाणारं व्हिनाइल घेतलं तरी एका मर्यादेपलीकडे ते ताणू नये, कारण ताण दिलेली कातडी पुन्हा आकसायलाच बघते. काका म्हणाले, टपाच्या कडेला एक शिवण घेऊ. मित्र म्हणाला, कंपनीनं दिली नव्हती. क्लासिक कारवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यानं विचारलं तर तिथे महाभारत सुरू झालं. एक पार्टी म्हणे ओरिजिनॅलिटी गेली, दुसरी म्हणे भेगेसकट ठेव, तीच हिस्ट्री.

मला विचाराल तर गाडी शो जिंकायला ठेवली असेल तर भेग बरी, पैसे साठवा आणि साच्यातली कातडी करून घ्या. पण गाडी रविवारी सिंहगडाच्या पायथ्याला भज्या खायला न्यायची असेल, तर मजबूत शिवण कधीही चांगली. काकांनी वाद संपवला तो वेगळ्याच पद्धतीनं. जुन्या कातडीचे तुकडे कागदावर ठेवून पॅटर्न काढला आणि शिवण टपाच्या अशा कडेला घेतली की ड्रायव्हरच्या सीटवरून ती दिसतच नाही. बाजूच्या सीटवरून दिसते. "तिथं कोण बसतं?" त्यांनी विचारलं. "आई." "मग त्यांना चालतंय का विचारा." काकूंनी फोनवर फोटो झूम करून बघितला आणि म्हणाल्या, "हातशिलाई आहे का? छान आहे की."

एकूण तीन रविवार आणि मधले काही दिवस काकांकडे. खर्च मधल्या रेंजच्या एका मोबाईलच्या निम्म्यानं. बसवताना एक स्क्रू उरला. (तो नेहमीच उरतो. कुठला होता ते फोटो बघून सापडलं.) विंडस्क्रीन आतून घासून पुसली, मित्राला रात्रीचं एकदम स्वच्छ दिसायला लागलं. आता पार्किंगमध्ये गाडी उलटी लावली जाते, तोंड पूर्वेला, काचेमागे चंदेरी सनशेड. बिनपैशाचा आणि शंभर रुपयांचा उपाय, दोन्ही तीस वर्षं आधी केले असते तर ही सगळी स्टोरीच झाली नसती. तुमची नवी गाडीही एक दिवस जुनी होणार आहे, तेव्हा एक सनशेड घेऊनच टाका. आणि पॉलिश घ्याल तेव्हा डबा उलटा करून सिलिकॉन लिहिलंय का बघा.

काकांनी जुन्या कातडीतला काळा ठिपका कात्रीनं गोल कापून मित्राच्या हातात ठेवला. तो आता त्याच्या पाकिटात असतो. गणपतीचा प्रश्न मात्र अजून लटकलेला आहे. मित्र म्हणतो नव्या पॅडवर काहीही चिकटवायचं नाही. काकू म्हणतात, मग देव काय हवेत बसवू? पहिल्या राऊंडला त्या पुढच्या सीटवर मूर्ती मांडीवर घेऊन बसल्या, सहकारनगर ते कात्रज आणि परत. सध्या गणपती ग्लोव्ह बॉक्समध्ये आहे, मऊ फडक्यात गुंडाळून, झाकण किंचित उघडं ठेवून. वारा लागावा म्हणून.